पटते, पटत नाही, सांगता येत नाही

मार्च महिन्यातल्या एका दुपारी कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मी एका काकूंच्या शेजारी सुमारे 20 मिनिटे बसले होते. काकू निवृत्त शिक्षिका आहेत. ज्या सहकारी पतसंस्थेत त्यांच्या ठेवी आहेत, तिने नुकतेच नवे ॲप आणले होते आणि ते ॲप ठेवीदारांना कितपत सोपे जाते हे पाहण्याचे काम माझ्याकडे होते. मुदत संपत आलेल्या एका ठेवीचे नूतनीकरण करायचे, एवढेच काम मी काकूंना दिले होते. त्या ‘नूतनीकरण’ किंवा ‘रिन्यू’ असा शब्द शोधत होत्या. ॲपमध्ये ती सोय ‘मॅच्युरिटी इन्स्ट्रक्शन’ या नावाखाली होती. चार-पाच पडदे उलटसुलट पाहिल्यावर त्यांना ती सापडली. मग ओटीपी आला. तो वाचण्यासाठी त्या ॲपमधून बाहेर पडून मेसेजमध्ये गेल्या, सहा आकडे पुटपुटत परत आल्या, तर ॲप पुन्हा पहिल्या पानावर जाऊन बसलेले. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. तिसऱ्या खेपेला त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला पेन्सिलीने आकडे लिहून घेतले, पण तेवढ्यात पान पुन्हा गेलेच होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “उद्या सकाळी शाखेतच जाऊन येते. चालत दहा मिनिटं तर आहे.”

त्यानंतर मी त्यांच्यापुढे दहा वाक्यांची छापील प्रश्नावली ठेवली. त्यांनी ती शाळेतल्या उत्तरपत्रिकेसारखी नीट, एकही ओळ न सोडता भरली. संध्याकाळी घरी येऊन मी हिशेब केला, तेव्हा गुण आले 82.5.

काम पूर्ण झाले नव्हते, तीनदा अडले होते आणि शेवटी सोडून द्यावे लागले होते, तरीही ॲपला शंभरापैकी 82.5 गुण. काकू खोटे बोलल्या नव्हत्या, प्रश्नावली चुकीची नव्हती आणि माझी बेरीजही बरोबर होती. हा आकडा नेमका कशाचा आहे, हे मला समजत नव्हते, आणि गेले वर्षभर याच प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. वापरकर्त्यांना विचारून एखाद्या डिजिटल उत्पादनाची वापरसुलभता मोजता येते, असे मी आजही ठामपणे मानते. मात्र ज्या भाषेत विचारायचे त्या भाषेकडे मी तोवर मोजमापाचे साधन म्हणून पाहिलेच नव्हते, आणि ती चूक मला सविस्तर लिहून ठेवावीशी वाटते.

मी वापरलेली प्रश्नावली या क्षेत्रातली सर्वांत परिचित आहे. जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग येथे, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत काम करताना ती तयार केली. सुमारे 50 वाक्यांतून त्यांनी 10 निवडली आणि 1996 मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. तिचे नाव सिस्टिम युझेबिलिटी स्केल, म्हणजे एसयूएस. ही एक झटपट, कामचलाऊ मोजपट्टी आहे असे त्यांनी स्वतःच शीर्षकात म्हटले होते. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, ती जगभर पसरली. प्रत्येक वाक्याला ‘अजिबात सहमत नाही’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच पायऱ्या असतात, आणि ही पायऱ्यांची कल्पना रेन्सिस लिकर्ट यांनी 1932 मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आलेली आहे. एसयूएसमधली विषम क्रमांकाची वाक्ये उत्पादनाच्या बाजूची असतात, सम क्रमांकाची विरुद्ध बाजूची. विषम वाक्याच्या उत्तरातून 1 वजा करायचा, सम वाक्याचे उत्तर 5 मधून वजा करायचे, सगळ्यांची बेरीज करून तिला 2.5 ने गुणायचे. काकूंच्या कागदावर विषम वाक्यांची उत्तरे 5, 4, 5, 4, 4 होती आणि सम वाक्यांची 2, 2, 2, 1, 2. पहिल्या गटाचे 17, दुसऱ्याचे 16, बेरीज 33, आणि 33 गुणिले 2.5 म्हणजे 82.5.

हे टक्के नव्हेत, हे मला दर वेळी सांगावे लागते. शंभरापैकी असल्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात दहावीची गुणपत्रिकाच उभी राहते आणि 68 म्हणजे ‘बरे, पण डिस्टिंक्शन नाही’ असा अर्थ लावला जातो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेफ सॉरो यांनी सुमारे 500 अभ्यासांतले एसयूएसचे निकाल एकत्र केले, तेव्हा सरासरी 68 निघाली. म्हणजे 68 मिळवणारे उत्पादन बरोबर मधोमध उभे असते. बँगर, कॉर्टम आणि मिलर या तिघांनी 2009 मध्ये याच गुणांच्या जोडीला लोकांना एकेक विशेषण निवडायला सांगितले. ‘चांगले’ म्हणणाऱ्यांचे सरासरी गुण 71.4 भरले, ‘उत्कृष्ट’ म्हणणाऱ्यांचे 85.5, आणि ‘ठीक’ म्हणणाऱ्यांचे 50.9. या हिशेबाने काकूंनी ॲपला ‘चांगले’ आणि ‘उत्कृष्ट’ यांच्या मधे, तेही उत्कृष्टच्या जवळ, नेऊन बसवले होते.

या गणिताचा एक गुणधर्म मला उशिरा उमगला. एखाद्याने दहाही वाक्यांसमोर सरळ 5 वर खूण केली, तर विषम वाक्यांचे 20 आणि सम वाक्यांचे 0 मिळून गुण होतात 50. सगळीकडे 1 वर खूण केली तरी 50, आणि सगळीकडे 3 केली तरी 50 च. ज्याला ‘हो हो, सगळं छान आहे’ म्हणून विषय संपवायचा आहे त्याचा कागद असमाधानी ग्राहकाच्या कागदासारखा दिसतो. दुसरीकडे, जो माणूस मनापासून खूश आहे पण एका उलट्या वाक्याला गडबडीत 1 ऐवजी 5 देऊन बसला, त्याचे एका फटक्यात 10 गुण जातात. सॉरो आणि लुईस यांनी 2011 मध्ये सगळी वाक्ये सुलटी केलेली आवृत्ती मूळ आवृत्तीशेजारी ठेवून पाहिली, आणि दोन्हींच्या गुणांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. मात्र त्यांनी तपासलेल्या, इतरांनी गोळा केलेल्या उत्तरांच्या 27 संचांपैकी 3 संचांत खुद्द अभ्यासकांनीच उलटी वाक्ये उलटी मोजायची राहून गेली होती. उलटसुलट वाक्यांमुळे लोक विचार करून उत्तर देतात, असे मला शिकवले गेले होते. घरोघरी बसून जे पाहिले त्यावरून सांगते की मराठीत ती वाक्ये विचार वाढवण्यापेक्षा घोटाळाच जास्त वाढवतात.

त्याचे कारण आपल्या नकाराच्या पद्धतीत आहे. ‘हे ॲप मला विनाकारण किचकट वाटले’ हे वाक्य मी एका आजोबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “नाही.” मी ‘सहमत नाही’वर खूण करणार एवढ्यात ते पुढे म्हणाले, “नाही, किचकटच आहे जरा.” त्यांचा ‘नाही’ वाक्याला दिलेला नकार नव्हताच. बोलायला सुरुवात करताना आपण जो ‘नाही, म्हणजे कसं आहे’ असा ‘नाही’ उच्चारतो, तो होता. ‘हे ॲप वापरताना मला अडचण आली नाही’ या वाक्याला तर ‘हो’ म्हटले काय आणि ‘नाही’ म्हटले काय, अर्थ एकच निघतो: ‘हो, नाही आली’ आणि ‘नाही, नाही आली.’ समोरासमोर बोलताना स्वरावरून आणि मानेवरून उलगडा होतो. कागदावरच्या चौकोनाला तो आधार नसतो. त्या दिवसापासून नकारार्थी क्रियापद असलेले एकही वाक्य मी प्रश्नावलीत ठेवत नाही. उलट बाजूचे काही विचारायचेच असेल तर ‘किचकट’, ‘गोंधळ’, ‘अडखळणे’ असा उलटा शब्द घेते, पण वाक्याची रचना होकारार्थीच राहते.

मग भाषांतराचा प्रश्न. मूळ प्रश्नावलीतल्या आठव्या वाक्यात ‘कंबरसम’, म्हणजे वापरायला त्रासाचे, असा इंग्रजी शब्द आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना तो शब्द अडतो, हे क्रेग फिनस्टॅड यांनी 2006 मध्येच दाखवून दिले होते, आणि तेव्हापासून त्या जागी सोपा इंग्रजी शब्द वापरण्याची पद्धत पडली. माझ्या हाती आलेल्या मराठी मसुद्यात त्याला ‘किचकट’ म्हटले होते. दुसऱ्या वाक्यातही ‘किचकट’च होते. लोक आठव्या वाक्याशी येऊन थबकायचे, मान वर करून विचारायचे, “हे मघाशी भरलं ना?” दोन वेगळ्या गोष्टी विचारायच्या असताना एकाच शब्दावर काम भागवल्यामुळे तसे होत होते. डोक्याला त्रास देते ते किचकट. हाताला, वेळेला आणि धीराला त्रास देते ते जिकिरीचे. काकूंच्या ओटीपीच्या तीन फेऱ्या जिकिरीच्या होत्या. त्यांत समजायला अवघड असे काहीच नव्हते. आठव्या वाक्यात ‘जिकिरीचे’ हा शब्द घातल्यावर साठीच्या पुढच्या माणसांनी तो लगेच ओळखला. तिशीतल्या दोघांनी मात्र त्याचा अर्थ विचारला, म्हणून तरुणांच्या प्रतीत मी ‘कटकटीचे’ घेतले. शब्द वयाप्रमाणे बदलला तर मोजपट्टी तीच राहते का, हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यामुळे मी त्या दोन गटांची सरासरी एकत्र करत नाही.

पहिल्या वाक्याने वेगळीच अडचण आणली. ‘हे ॲप वारंवार वापरायला मला आवडेल’ असे ते वाक्य आहे. मुदत ठेव वर्षातून एकदा नूतनीकरणाला येते. पतसंस्थेचे ॲप वारंवार वापरायची हौस कोणाला असणार? एका गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारले, “वारंवार उघडावं लागलं तर ते चांगलं लक्षण आहे का?” त्यांचे म्हणणे बरोबर होते. लुईस आणि सॉरो यांनी 2017 मध्ये दाखवले आहे की दहापैकी एखादे वाक्य गाळून गणित त्या प्रमाणात बदलले, तर सरासरीत जेमतेम एका गुणाचा फरक पडतो. त्यानंतर मी ते वाक्य गाळले. चौथ्या वाक्यातली ‘तांत्रिक व्यक्तीची मदत’ सुद्धा गेली, कारण आपल्याकडे तांत्रिक व्यक्ती म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर दुरुस्तीवाला येतो, आणि मदत तर घरातला नातू, सून किंवा शेजारचा मुलगा करत असतो. ‘हे ॲप वापरताना मला घरातल्या किंवा ओळखीच्या कोणाला तरी विचारावे लागेल’ असे लिहिल्याबरोबर त्या एका ओळीची उत्तरे बदलली. बदललेली उत्तरे मी डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींशी जुळत होती.

‘सहमत’ हा शब्दही मी सोडला. तो सभेच्या इतिवृत्तातला शब्द आहे. ठरावाला सहमती देतात, ॲपबद्दलच्या वाक्याला कोणी देत नाही. घरात माणसे ‘पटतं’ म्हणतात. म्हणून पायऱ्या अशा झाल्या: अजिबात पटत नाही, फारसे पटत नाही, मधेच कुठेतरी, बऱ्यापैकी पटते, पूर्णपणे पटते. मधल्या पायरीला आधी मी ‘सांगता येत नाही’ म्हटले होते आणि ती चूक ठरली. उत्तर देता येत नसेल तर मधली खूण करावी, अशी सूचना ब्रूक यांच्या मूळ प्रश्नावलीतच आहे, त्यामुळे मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पण ‘सांगता येत नाही’ म्हणणारी माणसे तीन तऱ्हांची निघाली. काहींना वाक्यच कळले नव्हते, काहींनी ॲपचा तो भाग उघडलाच नव्हता आणि काहींना खरोखरच मत मधे ठेवायचे होते. तिघांनाही 3 गुण देणे म्हणजे न कळणे आणि मध्यम वाटणे यांना एकाच मापाने मोजणे. आता ‘मधेच कुठेतरी’ ही पायरी मोजणीत आहे आणि ‘सांगता येत नाही’ हा चौकोन मोजणीबाहेर, कागदाच्या उजव्या कडेला वेगळा ठेवला आहे. एखाद्या वाक्यासमोर त्या चौकोनात तीन-चार खुणा दिसल्या की मी ॲपची चौकशी बाजूला ठेवते आणि आधी वाक्याची करते.

तरीही काकूंच्या 82.5 चे कोडे यातून पूर्ण सुटत नव्हते. त्यांना प्रत्येक शब्द कळला होता. पाच-सहा दिवसांनी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले आणि म्हटले, “काकू, ठेवीचं काम तर झालं नव्हतं, मग ॲपला एवढे चांगले गुण कसे दिलेत?” त्या थोड्या संकोचल्या आणि म्हणाल्या, “अगं, ॲप चांगलंच आहे. मलाच ते जमलं नाही.”

‘मला जमलं नाही.’ हे तीन शब्द मी वहीत लिहून घेतले आणि लक्ष्मी रोडच्या बसमध्ये बसल्यावरही तेच वाचत राहिले. मराठीत काम अडते तेव्हा आपण असेच बोलतो. मला जमत नाही, मला समजत नाही, मला सापडलं नाही, मला येत नाही. जमणे-न जमणे हे माणसाच्या खात्यावर पडते. वस्तू, यंत्र, कचेरी, फॉर्म हे सगळे वाक्याबाहेर उभे असतात. ‘ॲपने मला अडवले’ असे कोणीही म्हणत नाही. मग ज्या प्रश्नावलीतल्या वाक्यांचा कर्ता ‘हे ॲप’ असतो, तिच्यापुढे माणूस वस्तूबद्दल मत देतो, आणि वस्तूबद्दल त्याची तक्रार नसतेच, कारण दोष त्याने आधीच स्वतःकडे घेतलेला असतो. शिवाय एखादी मुलगी भर उन्हात घरी आलेली आहे, चहा घेते आहे, हिने बनवलेल्या गोष्टीला नावे कशाला ठेवायची, हा भाव असतोच. मी ते ॲप बनवलेले नाही हे सुरुवातीला दोनदा सांगूनही तो पूर्णपणे जात नाही. पण मुलाहिजा हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे व्याकरणात आहे, असे मला वाटते.

म्हणून मी वाक्ये फिरवली. ‘हे ॲप वापरायला सोपे आहे’ याऐवजी ‘कोणाला न विचारता मला हे काम जमले’. ‘ॲपमधल्या सोयी नीट एकत्र बांधलेल्या आहेत’ याऐवजी ‘मला हवी ती गोष्ट मी शोधली तिथेच सापडली.’ हे आता एसयूएस राहिलेले नाही आणि या गुणांची तुलना 68 शी करण्याचा हक्क मी गमावला आहे, याची मला जाणीव आहे. अहवालात मी तसे पहिल्याच पानावर लिहिते. जगाच्या सरासरीशी तुलना हवी असेल तर मूळ प्रश्नावलीचे जपून केलेले भाषांतर वापरावे आणि त्यात स्वतःची भर घालू नये. आपल्याच ॲपची मागची आणि पुढची आवृत्ती ताडून पाहायची असेल तर मात्र आपल्या माणसांच्या बोलण्यातून घडवलेली वाक्ये अधिक खरे सांगतात. दोन्ही कामे एकाच कागदाने होतील, ही अपेक्षा मी सोडून दिली.

नवे वाक्य वापरण्याआधी मी ते चार-पाच जणांपुढे ठेवते आणि उत्तर मागण्याऐवजी “हे तुमच्या शब्दांत सांगा” अशी विनंती करते. या एका सवयीने माझी जितकी वाक्ये सुधारली तितकी कोणत्याही पुस्तकाने सुधारली नसतील. ‘ॲप वेगवान आणि सोपे आहे’ या वाक्यात दोन प्रश्न दडलेले आहेत, हे मला एका किराणा दुकानदारांनी दाखवून दिले. ते म्हणाले, “वेगाचं ठीक आहे, पण सोपं कुठे? आता मी कुठे टिक करू?”

विचारायची वेळ आणि जागा यांबद्दलही लिहायला हवे, कारण तिथली चूक गुणांत दिसत नाही. पतसंस्थेच्या ॲपमध्ये ‘आपला व्यवहार यशस्वी झाला’ या पडद्यानंतर पाच तारे झळकत आणि मत विचारले जाई. ज्यांचा व्यवहार झालाच नाही त्यांच्यापर्यंत ते तारे कधी पोचत नव्हते. मी शाखेत दोन दिवस सकाळी काउंटरशेजारच्या बाकावर बसून राहिले. खिडकीशी येणाऱ्यांत ॲपवर प्रयत्न करून कंटाळलेली माणसे होती. हातात फोन आणि पिशवीत ठेवीची पावती घेऊन ती आली होती. काउंटरवरच्या ताईंना अशी माणसे तोंडपाठ होती. ॲपच्या सर्वेक्षणात त्यांच्यापैकी एकाचाही आवाज नव्हता. त्यानंतर आम्ही काउंटरवरही एक छोटा कागद ठेवला. त्यावर एकच ओळ होती: ‘आज ज्या कामासाठी आलात ते आधी मोबाइलवर करून पाहिले होते का, आणि कुठे थांबलात?’ ज्यांना लिहिणे नको होते त्यांचे उत्तर ताई स्वतः लिहून घेत.

साधनाचाही परिणाम होतो. हीच प्रश्नावली आम्ही मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये तक्ता करून टाकली, तेव्हा लहान पडद्यावर डावीकडचे तीनच रकाने दिसत होते आणि उरलेले दोन पाहायला तक्ता बोटाने सरकवावा लागत होता. माझ्या समोर बसून फॉर्म भरणाऱ्या दोन बाईंना उजवीकडे आणखी काही आहे याची कल्पनाच नव्हती. दोघींनी ‘मधेच कुठेतरी’ ही शेवटची पायरी समजून सगळीकडे तीच निवडली. तेव्हापासून मोबाइलवर एका पडद्यावर एकच वाक्य आणि त्याखाली पाच पायऱ्या एकाखाली एक, अशी मांडणी करते.

आकड्यांच्या बाबतीत एक गोष्ट मी आग्रहाने मांडते. समजा, 8 माणसांनी प्रश्नावली भरली आणि त्यांच्या गुणांचे प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीपासून किती पसरले आहेत याचे माप, 20 आहे. 95 टक्के विश्वासाने बोलायचे तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे 17 गुणांची जागा सोडावी लागते. सरासरी 70 आली असेल तर खरा आकडा 53 ते 87 यांत कुठेही असू शकतो. 20 माणसे असतील तर ही जागा सुमारे 9 गुणांवर येते, आणि 80 असतील तर साधारण साडेचारवर. तरीही बैठकीत ‘मागच्या वेळी 70 होते, आता 74 झाले’ असे सांगून टाळ्या घेतल्या जातात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. चार गुणांच्या त्या वाढीवर विसंबून एखादे अडलेले पान तसेच सोडून दिले जाते, आणि त्या पानाशी कोणीतरी दिनदर्शिकेच्या कडेला आकडे लिहीत बसलेले असते.

वापरसुलभतेची व्याख्या ज्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे, ते आयएसओ 9241 चा 11 वा भाग, 1998 मध्ये आले आणि 2018 मध्ये सुधारले गेले. ठरावीक माणसांनी, ठरावीक हेतूसाठी, ठरावीक परिस्थितीत वापर करताना मिळणारी परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान, असे तीन घटक त्यात आहेत. काम झाले का हे पाहून कळते, किती वेळ आणि श्रम गेले हे मोजून कळते, आणि समाधान विचारून कळते. प्रश्नावली या तिसऱ्या घटकाचे साधन आहे. तिच्याकडून पहिल्या दोघांचे उत्तर मागितले की 82.5 सारखे आकडे हाती येतात. आता मी प्रत्येक कामानंतर लगेच एक प्रश्न विचारते, ‘हे काम करणे कसे गेले?’, आणि ‘फारच अवघड’पासून ‘फारच सोपे’पर्यंत सात पायऱ्या ठेवते. काम अडल्यानंतर अर्ध्या मिनिटात विचारलेल्या या प्रश्नाला माणूस जे उत्तर देतो त्यात ॲपची बाजू घेण्याइतका वेळ गेलेला नसतो. शेजारच्या रकान्यात काम पूर्ण झाले की नाही ते माझ्या हाताने लिहिलेले असते. उत्तर आणि नोंद जुळत नाहीत तिथे मी थांबते आणि “का बरं?” एवढेच विचारते.

पतसंस्थेला दिलेल्या अहवालात मी एकच सरासरी देण्याचे टाळले. प्रत्येक कामासाठी किती जणांनी सुरू केले, किती जणांचे पूर्ण झाले, ते कुठे थांबले आणि थांबल्यावर काय म्हणाले, हे त्याच क्रमाने मांडले, आणि प्रश्नावलीचे गुण शेवटी, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मर्यादांसह दिले. व्यवस्थापकांना आधी हे फार लांबलचक वाटले. पण ओटीपीच्या पानावर थांबलेल्या माणसांची ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि ॲप बनवणाऱ्यांना फोन लावला. पावसाळा सुरू होईपर्यंत नवी आवृत्ती आली. तिच्यात पहिल्याच पानावर ‘ठेवीचे नूतनीकरण’ असे बटण होते आणि मेसेज पाहून परत आले तरी पान जागेवर राहत होते.

जुलैमध्ये मी पुन्हा काकूंकडे गेले. मुलीच्या नावावरच्या दुसऱ्या ठेवीची मुदत संपत आली होती. पाच मिनिटांच्या आत काम झाले, ओटीपी एकदाच आला, दिनदर्शिकेकडे बघावे लागले नाही. मग त्यांनी नवी प्रश्नावली भरायला घेतली. ‘कोणाला न विचारता मला हे काम जमले’ यापुढे ‘पूर्णपणे पटते’वर खूण केली. ‘स्क्रीनवर लिहिलेले मला सहज वाचता आले’ या वाक्याशी त्या थांबल्या, फोन उचलून पुन्हा उघडला, चष्म्यातून आणि चष्म्यावरून व्याजाच्या दराची ओळ पाहिली आणि ‘फारसे पटत नाही’वर खूण केली.

“हे व्याजाचे आकडे फार बारीक टाकलेत,” त्या म्हणाल्या. “पैशाचं काम आहे. त्यांना मोठे करायला सांग.”